छोट्या पदकांची चोरी

१

शनिवारी सकाळी निवृत्त एअर मार्शल श्यामसुंदर दांडेकर यांनी अभ्यासिकेतलं काचेचं कपाट उघडलं. आत दोन लाकडी पेट्या होत्या. मोठ्या पेटीत त्यांची सगळी पदकं एका पट्टीवर ओळीने लावलेली होती. छोट्या पेटीत तीच पदकं, त्याच क्रमाने, पण बोटाच्या पेराएवढी असायची. मोठी पेटी भरलेली होती. छोटी रिकामी होती.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ली टेबलाच्या खणात, नेहमीच्या जागी होती, आणि ती जागा घरात सगळ्यांना माहीत होती.

त्यांनी खालच्या मजल्यावरच्या डॉ. हेमा सोमण यांना फोन केला. हेमाताईंनी सगळी नोकरी शासकीय प्रयोगशाळेत विषं आणि रक्ताचे डाग तपासण्यात घालवली होती. निवृत्तीनंतर कोथरूडच्या या सोसायटीने त्यांच्यावर पाण्याच्या टाकीची देखरेख सोपवली, तर त्यांनी पहिल्याच महिन्यात टँकरवाला बदलायला लावला. तेव्हापासून लोक त्यांना जरा घाबरून असत.

त्या वर आल्या तेव्हा दिवाणखान्यात एअर मार्शलांचा मुलगा सलिल येरझाऱ्या घालत होता. तो बाणेरला राहायचा, आयटीत होता, आणि वडिलांच्या सत्कारासाठी कालच मुक्कामाला आला होता. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याची आई कुसुम बसली होती. हेमाताई आणि कुसुम रोज सकाळी सोसायटीच्या बागेत बरोबर फेऱ्या मारत. आज कुसुमने नुसती मान हलवली.

"मावशी, तुम्हाला काय बघायचं ते बघा," सलिल म्हणाला. "पण पाच वाजेपर्यंत पदकं सापडली नाहीत, तर मी चौकीत जाऊन तक्रार देणार. नावानिशी."

"कोणाच्या नावानिशी?"

सलिलने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथे स्वयंपाकाच्या गोदाबाई उभ्या होत्या आणि त्यांच्याशेजारी त्यांची नात सृष्टी. ती रोज सकाळी आजीबरोबर यायची. तासभर एअर मार्शल तिला गॅलरीत बसवून गणित आणि विज्ञान शिकवायचे. त्याच शिकवणीवर ती एनडीएची परीक्षा आणि मुलाखत पार करून आली होती. वायुसेना मिळाली होती, वैद्यकीय तपासणी झाली होती. राहिली होती फक्त पोलिसांची चौकशी. पुढे प्रबोधिनीत अडू नये म्हणून शिकवणी मात्र चालूच होती.

"कपाट शेवटचं हिनेच उघडलं होतं," सलिल म्हणाला. "हे ती स्वतःच सांगते."

सृष्टी रडत नव्हती. ती हेमाताईंना म्हणाली, "मॅडम, तक्रारीत माझं नाव लागलं, तर चौकशीत ते निघणारच. नंतर मी कितीही खरी ठरले तरी माझी बॅच निघून गेलेली असेल."

गोदाबाईंनी पदर तोंडाला लावला.

हेमाताई अभ्यासिकेत गेल्या. त्यांनी रिकाम्या पेटीकडे ओझरतं पाहिलं. भरलेल्या पेटीसमोर मात्र बराच वेळ उभ्या राहिल्या.

"काय गेलं ते कळलं," त्या म्हणाल्या. "हे का राहिलं?"

२

एअर मार्शलांनी अभ्यासिकेचं दार लावून घेतलं. ताठ कण्याचे, नीट बोलणारे गृहस्थ. भिंतीवर आदमपूर, बागडोगरा, जामनगर, दिल्ली अशा एकेका ठाण्यावरचे फोटो क्रमाने लावलेले होते. त्यांतल्या बहुतेकांत ते मधोमध उभे होते.

"यांतली खरी कुठली?" हेमाताईंनी विचारलं.

"मोठी. सरकारने दिलेली. प्रत्येकाच्या कडेवर माझं नाव कोरलंय. छोटी म्हणजे नक्कल. कॅम्पातल्या दुकानातून आपली आपण करून घ्यायची असतात."

"म्हणजे चोराने खरी पदकं ठेवली आणि नक्कल नेली."

"सलिल म्हणतो, चोराला कळलं नाही."

"दोन्ही पेट्या शेजारी शेजारी होत्या. ज्याला काहीच कळत नाही, तो मोठी उचलेल." हेमाताईंनी चष्मा पुसला. "कालचं सांगा. सावकाश, आणि स्वतःला महत्त्वाचं वाटेल तेवढंच नको."

ते हसले नाहीत. "दुपारी रंग्याचा फोन आला. विंग कमांडर रंगराव मोहिते, माझा बॅचमेट. उद्या रविवारी आमच्या बॅचचा मेळावा आहे, माझा सत्कार आहे. कार्यक्रम रात्री होता, जेवणासकट. प्रमुख पाहुण्यांचं विमान संध्याकाळचं निघालं, म्हणून रंग्याने तो सकाळी अकराला घेतला. मी लगेच सगळ्यांना कळवलं."

"सगळ्यांना म्हणजे?"

"सृष्टी काल दुपारी पेपर सोडवायला आली होती, तिला सांगितलं. म्हटलं, दोन्ही पेट्या पुसून ठेव. सलिलला फोन केला. ड्रायव्हरला सांगितलं. शिंप्याला सांगितलं, बंदगळा आजच हवा म्हणून. माझं भाषण तपासणाऱ्या कर्नलसाहेबांना कळवलं. झालं."

हेमाताईंनी वाट पाहिली. एअर मार्शलांना आणखी एखादं नाव आठवेल, असं त्यांना वाटलं होतं. त्यांना काही आठवलं नाही.

"मग?"

"सृष्टीने दोन्ही पेट्या पुसून ठेवल्या, मी स्वतः पाहिल्या. ती आणि गोदाबाई घरी गेल्या. संध्याकाळी रंग्या आला. आम्ही दोघं इथेच बसलो, एकेक पेग घेतला. नंतर मी त्याला सोडायला खाली गेलो, तर गप्पा मारत कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो तोवर सलिल आला होता. आम्ही जेवलो. आज सकाळी पाहतो तर हे."

"उद्या तुमची अडचण होणार का?"

"उद्या? छे. उद्याला मोठी आहेत ना." मग त्यांनी रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. "हेमाताई, ती पोरगी चोर नाही. पण सलिलला मी थांबवू शकत नाही. त्याला मी आयुष्यात कशालाच थांबवलं नाही, कारण मी घरात नसायचो. आता थांबवायला गेलो, तर तो काय म्हणेल ते मला माहीत आहे."

"काय म्हणेल?"

"की माझ्यासाठी कधी भांडला नाहीत, तिच्यासाठी भांडताय."

३

सृष्टी जिन्यात पायरीवर बसली होती. हेमाताई तिच्याशेजारी बसल्या. गुडघा कुरकुरला.

"खरी पदकं कुठली, तुला माहीत होतं?"

"हो. मोठी. सरांनी पहिल्याच महिन्यात दाखवली होती."

"मग चोरायची असती तर?"

"चोरायची असती तर मोठी चोरली असती, मॅडम," सृष्टी म्हणाली, आणि मग आपण काय बोललो ते ऐकून तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"घाबरू नकोस. उत्तर बरोबर आहे. या घरात तुझ्यावर राग कोणाचा?"

"सलिलदादांचा. ते एनडीएच्या पाच दिवसांच्या मुलाखतीला दोनदा गेले होते, दोन्ही वेळा पहिल्याच दिवशी परत पाठवलं. मला म्हणाले होते, तुला बाबा मिळाले, मला नुसती गाइडं मिळाली."

"आणि कुसुमआजी?"

सृष्टीने वरच्या दाराकडे पाहिलं. "आजी रागवत नाहीत. त्या बोलतच नाहीत. आम्ही गॅलरीत बसतो तेव्हा त्या आत असतात. गेल्या महिन्यात मी सरांना विचारलं, तुम्हाला कधी भीती वाटली का. तर ते सांगायला लागले. आसामात असताना एकदा हवेत इंजिन बंद पडलं होतं. उतरल्यावर दोन दिवस हात थरथरत होता, सही करता येत नव्हती. ते सांगत होते तेव्हा आजींनी आत मिक्सर लावला. सरांचं बोलणं संपेपर्यंत बंदच केला नाही. नंतर मी कप ठेवायला गेले, तर भांडं रिकामं होतं."

"रिकामा मिक्सर?"

"हो."

स्वयंपाकघरात गोदाबाई मंडईतून आणलेली घेवड्याची शेंग मोडत होत्या. गावाकडच्या बाई, बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत, पण आज एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"आमी चोर न्हाई, बाई. सात वर्सं झाली हितं."

"मला माहीत आहे. काल काही वेगळं घडलं का घरात?"

"येगळं काय? न्हेमीसारकंच. बाईंचंच ठरत न्हवतं. काल सांजच्याला निघताना म्हनल्या, गोदाबाई, रविवारी रातचा सैपाक नको, बाहेर जेवण हाय. आन आज सकाळी म्हनतात, दुपारचा नको. मी म्हनलं, एकदा काय ते ठरवा म्हंजी मी तेवढीच भाजी निवडते."

हेमाताईंनी एक शेंग उचलली, मोडली, आणि खाली ठेवली. त्या वेळी त्यांना त्या वाक्याचं काही विशेष वाटलं नाही. दारावरची बेल वाजली आणि बाहेरून मोठा आवाज आला, "श्याम, ऐकलं ते खरं का? मग मला अटक करा!"

४

विंग कमांडर रंगराव मोहिते उंच, पोट सुटलेले आणि मिशा काळ्या केलेले होते. हेमाताईंनी त्यांना गॅलरीत बसवलं.

"विचारा," ते म्हणाले. "मी काल इथे होतो, मला किल्ली कुठे असते ते माहीत आहे, आणि कारणही भक्कम आहे. श्याम आणि मी प्रबोधिनीत एका खोलीत राहिलो. त्याचे मोजे मी धुतलेत. तो एअर मार्शल झाला, मी विंग कमांडरवर थांबलो."

"मत्सर वाटतो?"

"वाटतो की! दर सव्वीस जानेवारीला वाटतो. मग नाश्ता करतो."

हेमाताईंना हसू आलं. "मला एक सांगा. एकाच माणसाला पदकांचे दोन जोड कशाला लागतात?"

"अहो, हा आमचा रिवाज आहे. दिवसाच्या कार्यक्रमाला मोठी पदकं. रात्रीच्या मेजवानीला छोटी. फौजेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. रात्रीच्या जेवणाला मोठी पदकं लावून कोणी आलं, तर ते लग्नात हेल्मेट घालून बसल्यासारखं दिसतं. श्याम तर मेला तरी तसं करणार नाही. त्यापेक्षा कोरी छाती घेऊन येईल."

हेमाताई सरळ बसल्या. "म्हणजे रात्रीचा कार्यक्रम असता आणि छोटी पदकं नसती, तर ते काहीही न लावता आले असते?"

"सगळ्या बॅचसमोर. एवढा सत्काराचा दिवस, आणि बाकीचे आम्ही चमचमतोय." रंगराव क्षणभर त्या चित्राकडे पाहत राहिले. ते त्यांना आवडलं असावं. "पण उद्या सकाळी अकराला आहे ना. मीच तर बदललं. छोटी चोरून उपयोग काय? ज्याने कोणी केलं, त्याचा नेम चुकला."

"उद्या कोण कुठे बसणार आहे?"

"मुख्य टेबलावर मधे श्याम. उजवीकडे पाहुणे. डावीकडे ती पोरगी, सृष्टी. श्यामचा हट्ट. भाषणात तिची ओळख करून देणार आहे, म्हणतो की माझ्यानंतर ही."

"आणि कुसुम?"

"वहिनी? वहिनी समोरच्या टेबलावर, बाकीच्या बायकांबरोबर. त्या काही म्हणत नाहीत हो. कधीच काही म्हटलं नाही त्यांनी."

रंगराव गेल्यावर हेमाताई गॅलरीतच बसून राहिल्या. प्रयोगशाळेत त्या नमुना दोन कसोट्यांवर घासत, आणि जो दोन्हींत उतरेल तोच धरत. इथेही दोनच कसोट्या होत्या. एक, चोराला रात्री छोटी पदकं लावतात हा रिवाज ठाऊक होता. दोन, काल संध्याकाळपर्यंत त्याला वाटत होतं की कार्यक्रम रात्रीच आहे.

रंगरावांनी वेळ स्वतः बदलली होती. सृष्टीला वेळ सांगितली होती. गोदाबाईंना बदल कोणी कळवला नव्हता, पण त्यांना रिवाज ठाऊक असण्याचं कारण नव्हतं.

राहिला सलिल. फौजी अधिकाऱ्याचा मुलगा, रिवाज जाणणारा. वडील म्हणत होते, त्याला फोन केला. पण तोही तसंच म्हणतो का?

५

सलिल पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभा होता.

"उद्याच्या कार्यक्रमाची वेळ तुला कधी कळली?"

"काल दुपारी. बाबांचा फोन आला. रविवारी सकाळी पोरीची बॅडमिंटनची मॅच होती, ती सोडावी लागली. बायको अजून बोलत नाहीये माझ्याशी." त्याने मोबाइल काढून मुलीच्या प्रशिक्षकाला शुक्रवारी दुपारी पाठवलेला निरोप दाखवला. "का?"

"तुझं नाव खोडायला."

तो दचकला. "माझं? मावशी, मी स्वतः तक्रार द्यायला निघालोय!"

"म्हणूनच लिहिलं होतं."

त्याने गाडीच्या टपावर बोटाने एक रेघ ओढली. मग म्हणाला, "तुम्हाला वाटतं, मी मुद्दाम तिच्यामागे लागलोय. मला खरंच वाटतं तिनेच घेतलं. किंवा मला तसं वाटायला हवंय. बारावीला मला इंटिग्रेशन येत नव्हतं, मावशी. बाबा जामनगरला होते. मी पत्र लिहून एक गणित विचारलं होतं. त्यांनी उत्तर पाठवलं, 'मेहनत कर'. आता ते रोज सकाळी त्या मुलीसाठी कागदावर आकृत्या काढतात. रंगीत पेन्सिलीने."

"आई तुला शिकवू शकली असती. कुसुम गणिताची एम.एस्सी. आहे."

"आई?" तो गोंधळला, जणू हे त्याने पहिल्यांदाच ऐकलं होतं. "आई तर बदलीचं सामान बांधायची."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. "पाचला मी निघतोय. ते बदलणार नाही."

हेमाताई लिफ्टची वाट न पाहता जिना चढू लागल्या. सगळी नावं खोडून झाली होती, आणि एअर मार्शलांनी 'सगळ्यांना कळवलं' असं म्हणून जी नावं घेतली, ती त्या मनात पुन्हा मोजत होत्या. सृष्टी, सलिल, ड्रायव्हर, शिंपी, कर्नल. मग त्यांना घेवड्याच्या शेंगा आठवल्या. रातचा सैपाक नको.

पहिल्या मजल्याच्या वळणावर त्या थांबल्या. आणखी चढावं असं त्यांना वाटेना. त्यांना त्या घरात एकच मैत्रीण होती.

६

कुसुमच्या खोलीत पलंगावर एक जड, गडद निळी रेशमी साडी घडी करून ठेवली होती. पदराला इस्त्रीवाल्याची परवाच्या तारखेची चिठ्ठी टाचलेली होती. कुसुम स्वतः दुसऱ्या, फिक्या सुती साडीला इस्त्री करत होती.

"ही निळी का नको?" हेमाताईंनी विचारलं.

"सकाळच्या उन्हात भडक दिसेल."

"मग परवा इस्त्रीला का दिलीस?"

इस्त्री साडीवरून जात राहिली.

"कुसुम, कार्यक्रम सकाळी आहे हे तुला कधी कळलं?"

"आज. पेटी रिकामी दिसल्यावर हे म्हणाले, 'उद्या अकराला पोहोचायचंय, मोठी तरी आहेत, नशीब.'" तिने इस्त्री उभी केली आणि बटण बंद केलं. "ड्रायव्हरला काल दुपारीच माहीत होतं म्हणे."

"हो. शिंप्यालाही."

"शिंप्यालाही!" कुसुम हसली. ते हसू ऐकवत नव्हतं. "हेमा, बागडोगऱ्याची बदली मला दूधवाल्याने सांगितली. म्हणाला, 'मॅडम, आप लोग जा रहे हैं, हिसाब कर दूँ?' मी म्हटलं, कुठे? आता माझी चोरीसुद्धा फुकट गेली. का, तर मला वेळ सांगितली नाही."

हेमाताई पलंगाच्या कडेवर बसल्या.

"का केलंस?"

"एक रात्र," कुसुम म्हणाली. "फक्त एक रात्र त्यांनी काहीही न लावता चारचौघांत उभं राहावं. मी चाळीस वर्षं उभी आहे तशी. बस्स, एवढंच होतं डोक्यात. ते रंगरावांना सोडायला खाली गेले, मी किल्ली घेतली." ती थांबली. "नाही. खोटं कशाला बोलू? एवढंच नव्हतं. त्या मुलीला ते आसामची गोष्ट सांगत होते. हात थरथरत होता म्हणे. दोन दिवस. मी तिथेच होते, हेमा. मी त्याच घरात होते. सलिल पोटात होता. त्या रात्री ते उशिरा आले, मी विचारलं, काय झालं? म्हणाले, 'काही नाही, ट्रॅफिक होतं.' त्या ठाण्यात एकूण नऊ गाड्या होत्या."

बाहेर लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला.

"एवढी वर्षं मला वाटायचं, हा माणूस असाच आहे. बोलत नाही, सांगत नाही. नोकरी त्यांना गिळून बसली, तर बसली. तिचा मत्सर करायलाही मी शिकले होते. आणि आता गॅलरीत बसून ते एका अठरा वर्षांच्या मुलीला सगळं सांगतात. म्हणजे सांगता येत होतं. मला सांगायचं नव्हतं." तिने साडीची घडी पुन्हा मोडली. "त्या मुलीचा मत्सर वाटतो मला. पायपुसणं झटकताना वाटतो, चहा गाळताना वाटतो. या वयात. बघ काय ते."

"ते तू काल केलंस," हेमाताई म्हणाल्या. "आज सकाळपासून काय करते आहेस?"

कुसुमने वर पाहिलं.

"पदकं उचलणं ही चोरीसुद्धा नाही. तुझ्याच घरातली वस्तू. पण सलिलने त्या मुलीचं नाव घेतलं तेव्हा तू खुर्चीत बसून होतीस. तक्रारीत तिचं नाव लागलं तर तिचं काय होणार, हे त्या खोलीत सर्वांत चांगलं तुला माहीत होतं. तू फौजेत आयुष्य काढलंयस."

"मला वाटलं, सापडतील कुठेतरी..."

"नाही. तुला वाटलं, ती मुलगी गेली तर बरं होईल."

कुसुमचा चेहरा हळूहळू बदलत गेला. हेमाताईंनी प्रयोगशाळेत पुष्कळ उत्तरं कागदावर लिहिली होती. समोर बसलेल्या मैत्रिणीला वाचून दाखवण्याची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

"मी सांगू शकते," त्या म्हणाल्या. "पण मी सांगितलं तर ते तपासात निघालेलं असेल. तू सांगितलंस तर ती सुटलेली असेल. दोन्हींत फरक आहे."

दिवाणखान्यातून सलिलचा आवाज आला. "बाबा, मी निघतोय."

७

कुसुम बाहेर आली तेव्हा सलिल दारात बूट घालत होता. एअर मार्शल खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. सृष्टी आणि गोदाबाई पिशव्या घेऊन घरी निघाल्या होत्या आणि सलिल दारात असल्यामुळे अडकून पडल्या होत्या.

"सलिल, बूट काढ," कुसुम म्हणाली. "पदकं मी घेतली."

सलिलने नाडी सोडून वर पाहिलं.

"आई, तू हिला वाचवायला..."

"मी तिला बुडवायला गप्प बसले होते. वाचवायला नाही. नीट ऐक." तिचा आवाज स्थिर होता. "काल संध्याकाळी मी कपाट उघडलं. पदकं माझ्या पर्समध्ये आहेत. सृष्टीचा काही संबंध नाही, आणि हे मला सकाळीच माहीत होतं."

एअर मार्शल वळले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, जणू एखाद्या नव्या ठाण्याचा नकाशा वाचावा तसं.

"पट्टी वाकली नाही ना?" त्यांनी विचारलं.

गोदाबाईंनीसुद्धा मान खाली घातली. प्रश्न तोंडातून गेल्यावर तो किती वाईट होता, हे एअर मार्शलांना कळलं.

"नाही वाकली," कुसुम म्हणाली. "मी सांभाळून ठेवते सगळं."

ती सृष्टीकडे वळली. "मी तुझी माफी मागते. तू माफ करावंस म्हणून नाही."

सृष्टी तिच्याकडे पाहत राहिली. शेवटी म्हणाली, "आजी, सकाळपासून मी तुमच्याकडेच बघत होते. मला वाटत होतं, तुम्ही म्हणाल सलिलदादांना, असं बोलू नकोस. एवढं एकच वाक्य." तिने गोदाबाईंच्या हातातली पिशवी घेतली. "सर, उद्या मी येणार नाही. सोमवारीही नाही."

"सृष्टी, तुझा त्रिकोणमितीचा भाग..."

"तो मी करीन, सर."

सलिल दारातून बाजूला झाला. दोघी गेल्या. त्याने एका पायातला बूट काढला आणि तो हातात धरून तसाच बसून राहिला.

८

रविवारी एअर मार्शल मोठी पदकं लावून मेळाव्याला गेले. रंगरावांनी नंतर हेमाताईंना सांगितलं की मुख्य टेबलावर डावीकडची खुर्ची रिकामी होती, आणि समोरच्या टेबलावरचीही एक. भाषण त्यांनी दोन मिनिटांत संपवलं. "मला वाटलं होतं मला आनंद होईल," रंगराव म्हणाले. "नाही झाला. जेवण मात्र चांगलं होतं."

गोदाबाईंनी पलीकडच्या सोसायटीत काम धरलं. एअर मार्शलांनी सुतारदऱ्याला, गोदाबाईंच्या घरी, दोनदा फेरी मारली. सृष्टीने त्यांना चहा दिला, आणि शिकवायचं असलं तर इथे येऊन शिकवा, असं सांगितलं. तेव्हापासून ते सकाळी पायी जात. वरच्या घरात काय बोलणं झालं, किंवा झालं का, हे हेमाताईंनी विचारलं नाही. बागेतल्या फेऱ्या चालू होत्या. कुसुम आधीपेक्षा सावकाश चालायची.

श्रावण संपता संपता चौकीतला एक हवालदार आला. सृष्टीने अर्जात ओळखीचं म्हणून दांडेकरांचं घर दिलं होतं, ते तिने बदललं नव्हतं. शेजारचं कोणी साक्षीला हवं म्हणून हवालदाराने हेमाताईंनाही वर बोलावलं.

दार कुसुमने उघडलं. तिच्यामागून एअर मार्शल बाहेर आले. सवयीने त्यांनी कणा ताठ केला आणि बोलायला सुरुवात केली, "मी एअर मार्शल..."

"मी सांगते," कुसुम म्हणाली. ते थांबले, आणि एक पाऊल मागे झाले.

हवालदाराने पेन काढलं. "मुलीला किती वर्षं ओळखता?"

"सात."

"वागणूक?"

"आमच्या घरातल्या कोणाहीपेक्षा चांगली."

हवालदार हसला. त्याला तो विनोद वाटला. "तिच्याविरुद्ध कधी काही तक्रार?"

हेमाताईंनी कुसुमकडे पाहिलं.

"तिच्याविरुद्ध नाही," कुसुम म्हणाली. "माझ्याविरुद्ध करता आली असती. ती तिने केली नाही."

हवालदाराने पेन थांबवून आधी तिच्याकडे आणि मग एअर मार्शलांकडे पाहिलं. ते बायकोकडे पाहत होते.

"म्हणजे नक्की काय लिहू, मॅडम?"

"लिहा," कुसुम म्हणाली, "काही तक्रार नाही."